उरलेले ऐकणे जपणारे कॉक्लिअर इम्प्लांट

‘आवाज येतो, पण काय म्हणाले ते कळत नाही,’ ही तक्रार कानाच्या डॉक्टरांना नेहमीच ऐकावी लागते. घरच्या मंडळींना मात्र ती पटत नाही. दार वाजले की वळून पाहणारा माणूस बहिरा कसा, असा त्यांचा प्रश्न असतो. नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) येथे अशा व्यक्तीला ट्रकची घरघर स्पष्ट ऐकू येईल. पण बाजारात दुकानदाराने सांगितलेले ‘साठ’ रुपये तिला ‘आठ’ वाटतील. हा दुर्लक्षाचा भाग नसून अर्धवट बधिरत्वाचा विशिष्ट प्रकार आहे.

अंतर्कर्णातील कॉक्लिया हा शंखाकृती अवयव सुमारे अडीच वेढ्यांचा आणि उलगडल्यास साधारण ३५ मिलिमीटर लांबीचा असतो. त्याच्या तोंडाशी वरच्या पट्टीतील, म्हणजे अधिक वारंवारतेचे ध्वनी टिपले जातात, तर शेंड्याशी खालच्या पट्टीतील. वाढते वय, सततचा मोठा आवाज, जेंटामायसीन किंवा स्ट्रेप्टोमायसीनसारखी काही औषधे यांमुळे बहुधा तोंडाकडील केशपेशी आधी नष्ट होतात. शेंड्याकडील पेशी शाबूत राहिल्याने स्वर ऐकू येतात. मात्र ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘साल’, ‘चाल’, ‘ताल’ हे तिन्ही शब्द मग सारखेच भासतात.

श्रवणयंत्र का अपुरे पडते?

श्रवणयंत्र ध्वनी मोठा करून कानात सोडते. परंतु जेथे तो ग्रहण करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, तेथे मोठ्या आवाजाचाही उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट नष्ट झालेल्या पेशींना वगळून विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी थेट श्रवणचेतेला उद्दीपित करते. त्यामुळे व्यंजने कळू लागतात. तथापि, हजारो केशपेशींचे काम प्रचलित उपकरणांतील १२ ते २२ विद्युतअग्रांवर येते. साहजिकच आवाजाची पट्टी, गाण्याची चाल आणि गर्दीत एकाच व्यक्तीचे बोलणे वेगळे ओळखणे कठीण जाते.

या दोन्ही उपायांची सांगड घालण्याचा मार्ग जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील क्रिस्तोफ फॉन इल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला. वरच्या पट्टीसाठी वीज आणि खालच्या पट्टीसाठी नैसर्गिक श्रवण, तेही एकाच कानात, अशी ही ‘इलेक्ट्रिक-अकूस्टिक’ पद्धत आहे. कानामागील एकच उपकरण ध्वनीचे दोन भाग करते. एक भाग मोठा करून कानाच्या नळीत सोडला जातो, तर दुसरा विद्युतस्पंदांच्या रूपाने आत जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ब्रूस गँट्झ यांनी यासाठी आखूड विद्युतअग्रांवर काम केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणाला प्रथम २०१४ मध्ये मान्यता दिली.

जोखीम कोणती?

शस्त्रक्रियेत विद्युतअग्रांची तार कॉक्लियात अत्यंत हळुवारपणे सरकवावी लागते. तरीही उरलेले श्रवण लगेच किंवा काही महिन्यांनी कमी होऊ शकते. काही रुग्णांत ते पूर्णपणे जाते. आखूड तारेने इजा कमी होते. पण पुढे नैसर्गिक श्रवण गेल्यास तीच तार अपुरी पडू शकते. लांब तारेचे गणित याच्या उलट असते. म्हणूनच निवड करण्यापूर्वी रुग्णाला दोन्ही बाजू समजावून सांगणे आवश्यक ठरते. एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्या कानात श्रवणयंत्र हा पर्यायही आहे. इम्प्लांटनंतर दुसऱ्या कानातील श्रवणयंत्र अनावश्यक समजून काढून टाकणे त्यामुळे योग्य नव्हे.

मदत कोणाला?

केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची समन्वयक आहे. महाराष्ट्रातील पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या श्रवणदोषाचीही तपासणी होते. प्रौढांना मात्र ‘एडिप’मधून इम्प्लांट मिळत नाही. परिणामी, श्रवणयंत्र पुरत नाही आणि इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो, अशा कात्रीत अर्धवट ऐकणारा माणूस सापडतो.

शस्त्रक्रिया झाली की काम संपले, असेही नाही. साधारण तीन-चार आठवड्यांनी उपकरण सुरू केले जाते. त्यानंतर त्याची जुळणी, म्हणजे ‘मॅपिंग’, पुन्हा पुन्हा करावी लागते आणि नव्या आवाजाशी मेंदूची ओळख पटण्यास काही महिने जातात. तालुक्याच्या गावातून प्रत्येक खेपेला मोठ्या शहराकडे जाण्याचा वेळ आणि खर्च त्यामुळे आधीच हिशेबात धरावा लागतो.

पहिली पायरी मात्र जवळ आहे. वर्धा जिल्ह्यातच सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. श्रवणचाचणीचा आलेख डावीकडे जवळपास ठीक आणि उजवीकडे एकदम खाली घसरलेला दिसला, तर केवळ श्रवणयंत्राचा आवाज वाढवून भागणार नाही, हे ओळखावे. आलेख जपून ठेवावा आणि ठराविक काळाने चाचणी पुन्हा करून घ्यावी. खालच्या पट्टीतील श्रवण जोवर शिल्लक आहे, तोवरच वीज आणि ध्वनी यांची ही सांगड शक्य असते.