विज्ञान कोणत्या भाषेत? आधी सांगा, मूल कोणाचे?

सेमी-इंग्रजीचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन फळ्या तयार होतात. एक म्हणते, गणित-विज्ञान इंग्रजीतूनच हवे, नाहीतर मुले मागे पडतील. दुसरी म्हणते, मातृभाषेतूनच हवे, नाहीतर मराठी बुडेल. (दुसऱ्या फळीतल्या कितीतरी जणांची नातवंडे इंग्रजी शाळेत असतात, ते असो.) आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मुलांच्या नावाने हे भांडण चालते, त्यांच्या घरची भाषा या दोन्हींपैकी कोणती?

भांडण जुनेच आहे. 1840 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे होते. हा वाद आजही कौतुकाने सांगितला जातो. पण त्याच इलाख्यात 1856 साली एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, हे किती जण सांगतात? बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम मांडले. माध्यमाचा वाद हा वर्गात बसू दिलेल्यांचा वाद होता. आपले मूल तर दाराबाहेरच होते.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे काय मागितले ते पाहा. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण, मोडी-बाळबोध, हिशेब, आणि सोबत शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान. म्हणजे विज्ञानच, पण शेतकऱ्याच्या पोराला हाताळता येईल असे. आणि सावित्रीबाईंनी तर 1854 च्या 'काव्यफुले'मध्येच इंग्रजीला माउली म्हटले होते. गावची भाषा की इंग्रजी, अशी निवड या दांपत्याने आपल्यावर लादली नाही. बाबासाहेब कोलंबियात इंग्रजीतून शिकले आणि 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढला.

1960 नंतर मराठी ही राज्याची भाषा झाली आणि विज्ञानाची परिभाषा घडवली गेली. ती बहुतेक संस्कृतातून. ज्या भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली, त्यांच्याच समाजाच्या नातवंडांपुढे मग बाष्पीभवन, सांद्रीभवन, प्रकाशसंश्लेषण येऊन उभे राहिले. आणि याला मातृभाषा म्हणायचे! चुलीवरचे पाणी 'आटते' हे पोराला शाळेत येण्याआधीपासून माहीत असते. 'वाफ' हा शब्द तर 'बाष्प'मधूनच उतरलेला आहे. तरी परीक्षेत 'पाणी आटले' लिहिले की गुण जातात. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. सेमी-इंग्रजीत त्याला गणित-विज्ञान तिसऱ्या भाषेत शिकावे लागते. व्याख्या पाठ होते; पाणी का आटले, हे विचारायचे राहून जाते. मग शेरा मिळतो, 'मूल कच्चे आहे'. हे 'कच्चे' म्हणणे जुन्या जातीच्या पात्रतेचेच नवे नाव आहे, असे आम्हाला वाटते.

दोन भाषांनी मूल गोंधळते, असे आम्ही म्हणत नाही. नायजेरियात इफे येथे 1970 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. बाब्स फाफुनवा यांच्या पुढाकाराने काही मुलांना सहाही वर्षे विज्ञानासह सगळे विषय योरुबा या घरच्या भाषेत शिकवले, आणि इंग्रजी स्वतंत्र विषय म्हणून, त्यात तयार असलेल्या शिक्षकाकडून. तुलनेच्या वर्गात चौथ्या वर्षापासून माध्यम इंग्रजी झाले. योरुबातली मुले इतर विषयांत पुढे गेलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मात्र त्यासाठी पुस्तके नव्याने लिहावी लागली, शिक्षक घडवावे लागले. इंग्रजी शब्दांची नुसती यादी फळ्यावर लिहून ते झाले नाही.

आपल्याकडे सेमीचा वर्ग सुरू करायला काय लागते? पुस्तके बदलली की झाले. विज्ञान शिकवणारा शिक्षक स्वतः मराठीतून शिकलेला, इंग्रजी धडा वाचून दाखवतो आणि मराठीत भाषांतर सांगतो. आम्हाला पहिलीपासून इंग्रजी हवीच, आणि ती नीट येणाऱ्या शिक्षकाकडून हवी. पण विज्ञानाच्या तासाला मुलाने 'आटले' म्हटले तर ते बरोबर धरून पुढे 'बाष्पीभवन' आणि 'इव्हॅपोरेशन' शिकवणारा शिक्षकही हवा. मेळघाटातल्या वर्गात तो कोरकू जाणणारा हवा. यासाठी आधी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील, आणि त्यावर दोन्ही फळ्या गप्प आहेत.