परदेशात टिप किती द्यायची? बलुतं आणि बक्षिसी यांतला फरक ओळखा, उत्तर सापडेल

जुन्नर तालुक्यातलं खोडद हे गाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या जवळ, इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण. इथल्या कामाच्या अनुभवावर भारत 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' या मोठ्या आंतरराष्ट्रीय दुर्बीण प्रकल्पात उतरला आहे. त्या प्रकल्पाचं मुख्यालय इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ आहे, एक दुर्बीण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेत उभी राहते आहे.

म्हणजे या एकाच प्रकल्पाच्या कामासाठी निघालेल्या माणसाला तीन देशांत जेवायची वेळ येऊ शकते. आणि गंमत अशी, की जेवण संपल्यावर बिलासोबत टिप ठेवायची का, या प्रश्नाचं उत्तर तिन्ही देशांत वेगळं आहे!

हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नाही. जुन्नर-आंबेगावातले द्राक्ष आणि टोमॅटो पिकवणारे शेतकरी अभ्यास दौऱ्यावर युरोपला, इस्रायलला जातात. कुणाची मुलगी अमेरिकेत शिकत असते, कुणाचा भाऊ दुबईत असतो. निघताना व्हिसा, विमा, गरम कपडे सगळ्याची चौकशी होते. टिपची चौकशी मात्र कुणी करत नाही. मग तिथे गेल्यावर एक तर नको तिथे पैसे जातात, नाहीतर समोरच्या माणसाची कमाई आपल्या नकळत बुडते.

देशोदेशीचे टक्के पाठ करायची गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: समोरच्या माणसाचा पगार कोण देतो, मालक की गिऱ्हाईक?

आपल्याकडे हा फरक जुनाच आहे

गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर काम करायचे आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा न्यायचे. हे बलुतं. ते कामाचं मोल होतं, त्यावर त्यांचं घर चालायचं. 'यंदा मला काम फारसं आवडलं नाही' म्हणून ते टाळता येत नव्हतं.

दिवाळीत गडी-नोकरांना, टपाल आणणाऱ्याला दिली जाणारी पोस्त वेगळी. पगार असतोच, वर सणाची खुशी. तमाशातली दौलतजादा आणखी वेगळी. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथल्या फडांनी ज्या गावांच्या जत्रा गाजवल्या, तिथल्या प्रेक्षकांना हे सांगायला नको. लावणी आवडली की कुणी नोट काढायचा आणि देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं जायचं. ही मनापासूनची, पण चारचौघांत मिरवायची बक्षिसी.

'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला. इजिप्तमध्ये टिपला 'बक्शीश' म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ.

परदेशात गेल्यावर फक्त एवढं ओळखायचं, की इथली टिप बलुत्यासारखी आहे, पोस्तीसारखी आहे, की इथे असं काही चालतच नाही.

अमेरिका: टिप म्हणजे पगारच

अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून ते तेवढंच आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. त्यांना मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर रोख दिले तरी चालतात, उरलेले टिपमधून भरून निघतील असं धरलं जातं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, पण मुळात हिशेब गिऱ्हाइकाच्या खिशावरच मांडलेला आहे.

सगळ्या राज्यांत असं नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या ७ राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. टिपची रीत मात्र तिथेही तीच आहे.

ही पद्धत रुजण्यामागे एक कडू इतिहास आहे. यादवी युद्धानंतर गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानात पोर्टर म्हणून कामाला घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपवर भागवायचं. टिप हवी तर अपमान गिळून हसत राहायचं. शेवटी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिने कंपनीशी करार करून घेतला.

त्याच काळात आपल्याकडे, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं होतं. कारण बलुतं हक्काचं म्हणायचं, पण प्रत्यक्षात ते घालणाऱ्याच्या मर्जीवर असायचं, आणि त्यासाठी माणूस गावाला बांधलेला राहायचा. पोटाची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर टांगली की काय होतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

म्हणून अमेरिकेत एवढं लक्षात ठेवा:

- टेबलावर वाढून देणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये १५ ते २० टक्के टिप द्यायची. मोठ्या शहरांत १८ ते २० टक्के धरून चाला. ६० डॉलरच्या बिलावर १८ टक्के म्हणजे १०.८० डॉलर, रुपयांत नऊशेच्या पुढे. जड वाटलं तर स्वस्त हॉटेल निवडा, टिप कापू नका.
- टक्के कर धरण्याआधीच्या रकमेवर काढले तरी चालतात.
- टॅक्सीला १५ ते २० टक्के, सामान उचलणाऱ्याला दर बॅगेमागे १-२ डॉलर.
- हॉटेलची खोली आवरणाऱ्यांसाठी रोज २ ते ५ डॉलर ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, कारण रोज आवरणारी व्यक्ती वेगळी असू शकते.
- काउंटरवर स्वतः उभं राहून घेतलेल्या कॉफीवर टिप ऐच्छिक आहे. मशीनच्या पडद्यावर १८, २०, २५ टक्क्यांची बटणं आली तरी 'नो टिप' निवडण्यात काही गैर नाही.

अनेक रेस्टॉरंटमध्ये वाढपी आपल्या टिपमधला वाटा भांडी उचलणाऱ्याला आणि बारमधल्या माणसाला देतो. काही ठिकाणी हा वाटा विक्रीवर ठरतो. अशा ठिकाणी तुम्ही काहीच ठेवलं नाही, तर तुमच्या टेबलाचा वाटा त्याला पदरचा भरावा लागतो.

खोडदच्या दुर्बिणीने जोडलेले तीन देश

इंग्लंड: इथे टिप धरून किमान वेतन मोजायला २००९ पासून बंदी आहे. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरील कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्यामुळे टिप पोस्तीसारखी आहे. टेबलावर वाढून दिलं असेल तर १० टक्क्यांच्या आसपास पुरे. लंडनमध्ये बऱ्याचदा बिलात १२.५ टक्के सेवा शुल्क आधीच लावलेलं असतं. ते ऐच्छिक लिहिलेलं असेल तर काढायला सांगता येतं, आणि ते दिलं असेल तर वेगळी टिप नको. पबच्या काउंटरवर पेय घेतलं तर टिप देत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नवा कायदा लागू आहे: गिऱ्हाइकाने दिलेली टिप मालकाने स्वतःकडे न ठेवता पूर्णपणे कामगारांना वाटायची.

ऑस्ट्रेलिया: जुलै २०२५ पासून इथलं किमान वेतन तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे चौदाशे रुपये झालं. वाढप्याचं घर तुमच्या टिपवर चालत नाही, आणि कुणी तिची वाटही पाहत नाही. फारच चांगली सेवा मिळाली तर थोडे जास्त ठेवा, बस्स. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बिलात जादा टक्के दिसले तर ती टिप नव्हे, सुट्टीच्या दिवसाचा अधिभार आहे.

दक्षिण आफ्रिका: इथे गणित पुन्हा उलटं. रेस्टॉरंटमध्ये १० ते १५ टक्के देण्याची रीत आहे. पेट्रोलपंपावर कर्मचारीच पेट्रोल भरतात, काच पुसून देतात, त्यांना थोडे रँड देतात. आणि एक माणूस विसरू नका: गाड्या लावण्याच्या जागेवर गाडी राखणारा. यातल्या अनेकांना पगारच नसतो, गाडीवाल्यांनी दिलेल्या सुट्ट्या पैशांवर त्यांचा दिवस निघतो. म्हणून खिशात ५ रँडची नाणी असू द्या. एक नाणं म्हणजे आपले साधारण २५ रुपये.

अभ्यास दौरा आणि सहलीच्या वाटेवर

फ्रान्स: मेन्यूतल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात, तसा नियमच आहे. बिलावर 'सर्व्हिस कॉम्प्री' म्हणजे सेवा समाविष्ट. एखाद-दुसरा युरो ठेवला तर ती खुशी.

जर्मनी: टिपला 'ट्रिंकगेल्ड' म्हणतात, शब्दशः पिण्याचे पैसे. आपल्या 'चहापाण्या'सारखंच! ५ ते १० टक्के धरून आकडा पूर्ण करतात. बिल २७.५० युरो असेल तर पैसे देतानाच 'तीस' म्हणायचं. टेबलावर पैसे ठेवून निघून जायची पद्धत नाही.

इस्रायल: वाढप्याला १० ते १५ टक्के देतात. सेवा समाविष्ट नाही, असं बिलावर लिहिलेलं असू शकतं.

जपान: टिप देऊ नका. चांगलं काम करणं हा कामाचाच भाग, त्याचे वेगळे पैसे कसले, अशी तिथली समजूत आहे. तुम्ही पैसे विसरलात असं वाटून कुणीतरी परत द्यायला मागे येऊ शकतं. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा' म्हणा, ते पुरतं. पारंपरिक निवासात काही जण पैसे देतात, पण पाकिटात घालून. आपल्या दौलतजादेच्या अगदी उलट टोक.

सिंगापूर: बहुतेक रेस्टॉरंटमध्ये १० टक्के सेवा शुल्क बिलातच असतं. मेन्यूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर त्यावर सेवा शुल्क आणि ९ टक्के कर वेगळा लागेल असं समजा.

दुबई: मोठ्या हॉटेलांत सेवा शुल्क बिलात असू शकतं, आधी ते पाहा. पण घरपोच जेवण आणणारा, पेट्रोल भरणारा, सामान वाहणारा बहुधा आपल्यासारखाच घर सोडून आलेला असतो. खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना तिथे सरसकट किमान वेतनाचं संरक्षण नाही. ५ दिरहम तुम्हाला फार नाहीत, त्याच्यासाठी आहेत.

पैसे देण्याआधी या गोष्टी पाहा

१. बिल वाचा. 'सर्व्हिस चार्ज' किंवा 'ग्रॅच्युइटी' हे शब्द शोधा. अमेरिकेत सहा-आठ जणांचा घोळका असेल तर टिप आधीच जोडलेली असू शकते. न पाहता पुन्हा दिली तर दुप्पट जाते.

२. सहल कंपनीला निघण्याआधी विचारा. गटाच्या सहलीत चालक आणि गाइडची टिप दर माणशी, दर दिवशी अशी ठरलेली असते. ती पैशांत धरली आहे का, हे लेखी घ्या. शेवटच्या दिवशी बसमध्ये वर्गणी काढताना होणारे वाद वाचतात.

३. सुटे ठेवा. पोहोचल्याबरोबर एखादी मोठी नोट मोडा. आणि टिप त्या देशाच्या चलनात द्या. दहा रुपयांची नोट तिथल्या कामगाराला आठवण म्हणून ठीक, पण तिचं दूध येत नाही.

४. सरकारी माणसाला कधीही नाही. पोलीस, विमानतळावरचे अधिकारी, सीमाशुल्क खातं यांच्यापुढे केलेलं 'चहापाणी' टिप ठरत नाही, लाच ठरते. त्यात अटकही होऊ शकते.

आणि आपल्या देशात?

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलं बिलात आपोआप सेवा शुल्क जोडू शकत नाहीत आणि ते सक्तीचंही करू शकत नाहीत. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या. म्हणजे इथे टिप तुमच्या खुशीची. पण खुशीची असली तरी ती कुणाच्या हातात पडते, हे पाहणं आपल्या हातात आहे. कार्डाने बिल भरल्यावर वाढप्याची टिप शक्यतो रोख, त्याच्याच हातात द्या.

परदेशात काहीच आठवलं नाही, तर सरळ विचारा: 'इथे टिप द्यायची पद्धत आहे का, आणि ती तुम्हालाच मिळते का?' यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बलुतं असेल तर ते चुकवू नका, बक्षिसी असेल तर मनाला येईल तेवढी द्या, आणि जिथे काहीच घेत नाहीत तिथे हात जोडून आभार माना.