सातपुड्याच्या पायथ्याशी चिनी सुई

अ‍ॅक्युपंक्चरची विद्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणली, असं माझ्याकडे जळगावात येणारे कितीतरी पेशंट धरून चालतात. व्ही. शांताराम यांचा 1946चा चित्रपट आमच्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांत पाणी आणून पाहिला, त्यामुळे ‘चीन आणि डॉक्टर’ म्हटलं की हेच एक नाव ओठावर येतं. पण सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परत आलेच नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते उत्तर चीनमध्ये वारले. तिथे ते सर्जन होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. सुया आणल्या त्यांच्या सोबत्याने. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्या सोबत्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

मी यावल तालुक्यातला. फैजपूर आमच्या हाकेच्या अंतरावर. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून मंडप उभा केला होता. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. खान्देशातल्या शेतकऱ्यांपुढे त्यांनी स्पेनच्या युद्धाचा विषय काढला. दूरदेशीच्या लढाईशी आपलं नातं आहे हा विचार आमच्या शिवारात असा जाहीरपणे मांडला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर चढाई केली. सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली आणि 1 सप्टेंबर 1938 रोजी पाच डॉक्टरांचं पथक मुंबईच्या बंदरातून निघालं: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू, कोटणीस. त्यांतले चोळकर नागपूरचे.

विजयकुमार बसू 1943 मध्ये परतले. 1950च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेव्हा तिथे जुन्या वैद्यकाला सरकारी दवाखान्यांत मानाची जागा मिळू लागली होती. याच विद्येला 1822 मध्ये चिनी बादशहाने राजवैद्यांच्या शाळेतून हद्दपार केलं होतं. बसू ती शिकले आणि 1959च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. भारतातलं अ‍ॅक्युपंक्चर मुख्यतः तिथून पसरलं. केंद्र सरकारने त्याला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली 2019 मध्ये. महाराष्ट्राचा त्यासाठीचा कायदा त्याआधीचा, 2015चा.

आमच्या भागाला टोचणं आणि चटका देणं नवं नव्हतं. पाठीत उसण भरली की बिब्बा घालायचे, पोटदुखीला डाग द्यायचे, वैदू तुंबडी लावायचे. म्हाताऱ्या माणसांच्या पोटावर त्या डागांचे गोल वण मी अजून पाहतो. चिनी वैद्यही शेक देतात, पण सहसा कातडी न जाळता. दवण्याच्याच कुळातल्या एका झुडपाची वाळलेली पानं कुटून त्याची कांडी करतात, पेटवतात आणि कातडीपासून दोन बोटं वर धरतात. डाग देण्याची प्रथा, विशेषतः लहान लेकरांना, आता कायमची बंद व्हायला हवी. माझ्याकडे कुणी त्याची बाजू घेतली तर मी वाद घालतो.

केळीचे घड वाहणारे मजूर माझ्याकडे खांदा धरून येतात. रावेर-यावलकडे कापणीच्या दिवसांत वजनदार घड खांद्यावरून ट्रकपर्यंत न्यायचे, दिवसभर. अशा माणसाला आधी विचारतो: जेवून आलास का? रिकाम्या पोटी सुई लावली तर घेरी येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तेही विचारतो. बाई असेल तर दिवस गेलेत का हे विचारावंच लागतं. धुळ्याकडची आजी असली की तिचा प्रश्न आधी येतो, “दुखस का रे भाऊ?” मी तिला सुई दाखवतो. पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईपेक्षा बारीक, आतून भरीव. पाकीट तिच्यासमोर फोडतो, आणि वापरलेली सुई पुन्हा कुणाला लावत नाही.

टोचताना डास चावल्याइतकं कळतं. खरी जाणीव नंतरची: आत जडपणा येतो, मुंग्या येतात, कधी कळ दंडाकडे उतरते. चिनी वैद्य त्याला ‘ची’ आली म्हणतात. आजचे संशोधक मज्जातंतू आणि शरीरात तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांच्या भाषेत बोलतात. खांद्याच्या वरच्या स्नायूत मी सुई तिरपी आणि उथळच ठेवतो, कारण खाली फुप्फुसाचं टोक असतं. खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. असं क्वचितच घडतं, पण हात शिकलेला असावा लागतो तो याचसाठी. गुडघ्याखाली चार बोटांवर एक जागा आहे, तिथे मात्र सरळ टोचतो. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. बहुतेकांना झोप लागते. नंतर एखादा निळा डाग राहतो, तो चार-आठ दिवसांत जातो.

फरक पडायचा असेल तर पाच-सहा बैठकांत जाणवू लागतो. जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज, डोकेदुखी यांत काही जणांना आराम मिळतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. मात्र त्याच चाचण्यांत खोट्या सुया लावलेल्यांनाही बराच आराम पडला, आणि दोन्हींतला फरक बेताचाच निघाला. हेही मी पेशंटला सांगतो. साखर, कावीळ, छातीत दुखणं यांसाठी कुणी सुयांच्या भरवशावर राहू नये. छातीचं दुखणं घेऊन कुणी आलं तर मी त्याला सुई न लावता तडक मोठ्या दवाखान्यात पाठवतो.

घड वाहणाऱ्याचा खांदा हलका झाला तरी तो दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर तोच बोजा घेणार असतो. म्हणून मी मुकादमालाही बोलावून घेतो. घडाखाली जाड गादी द्या, खांदा आलटून पालटून वापरू द्या, मधे बसू द्या, असं त्याला समोर बसवून सांगतो. काही मुकादम ऐकतात. ज्यांचे ऐकत नाहीत, ते मजूर पुढच्या कापणीला पुन्हा माझ्याकडे येतात.