बेडकाची ढाल

माझे वडील सातारा जिल्ह्यात बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर मुकादम होते. उन्हाळ्यात पिंपातलं डांबर तापवून रस्त्यावर शिंपडायचे, वर बारीक खडी पसरायची, रोलर फिरायचा. त्यानंतरचे दोन दिवस वडील लाल फडकं घेऊन कडेला उभे असायचे. ‘हळू घ्या, खडी अजून बसली नाही’ हे वाक्य ते दिवसातून शेकडो वेळा म्हणत असतील. ट्रकवाले ऐकत नसत. मग खडी उडायची आणि मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर बसायची.

२०११ साली कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आमच्या मोटरहोमखाली, म्हणजे राहायच्या घरगाडीखाली, तीच खडी कडकडायला लागली, आणि मी ती आवाजावरून ओळखली. रस्ता डांबरी म्हणूनच नकाशात होता. प्रत्यक्षात डांबराच्या पातळ थरावर नुकतीच पसरलेली सुटी खडी. आम्ही दोघं निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, मिशिगनहून अलास्काला निघालो होतो, आणि मोटरहोमच्या मागे आमची जुनी जिओ ट्रॅकर बांधलेली होती. वॉटसन लेकला मुक्कामाला थांबलो तेव्हा हे मागे जाऊन ट्रॅकरपाशी उकिडवे बसले. बॉनेटवरचे टवके मोजत होते. सतरापर्यंत मोजले आणि उठले.

त्या संध्याकाळपासून मला या विषयानं धरलं आहे. मागची गाडी दगडांपासून कशी वाचवायची हा प्रश्न लोकांनी कसकसा सोडवला, हे मी जुन्या मासिकांतून आणि मुक्कामांवर भेटलेल्या म्हाताऱ्या चालकांकडून गोळा करत आले. या माणसांच्या युक्त्यांचा इतिहास कुठल्या संग्रहालयात मांडलेला मी पाहिला नाही. तो मांडायला हवा असं मला मनापासून वाटतं.

हा इतिहास ज्या रस्त्यावर घडला, तो अलास्का हायवे युद्धात जन्मला. पर्ल हार्बरनंतर अलास्का तुटून पडेल या भीतीनं अमेरिकी लष्करानं १९४२च्या मार्चमध्ये काम सुरू केलं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या तुकड्या बीव्हर क्रीकपाशी एकमेकींना भेटल्या. डॉसन क्रीकपासून डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर, आठ महिन्यांत. दहा हजारांहून अधिक सैनिक राबले. त्यांत जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. लष्करात तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि या काळ्या पलटणींची नावं पुढे कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. मुकादमाची मुलगी म्हणून मला हे वाचताना राग येतो. रस्ता कुणी केला हे रस्त्याला विचारता येत नाही, म्हणून ते माणसांनीच सांगायचं असतं.

सामान्य प्रवाशांसाठी हा रस्ता १९४८ साली खुला झाला. पुढच्याच वर्षी ‘माइलपोस्ट’ हे मैलामैलाची माहिती देणारं मार्गदर्शक निघालं, ते आजही निघतं. तेव्हाचा रस्ता म्हणजे खडी आणि मुरूम. कोरड्या दिवशी फुफाटा, पावसात राडा. बरीचशी वळणं पुढे सरळ झाली, लांबी घटून आज सुमारे २,२०० किलोमीटरवर आली. पण पूर्ण लांबीवर डांबर यायला जवळजवळ अर्धशतक गेलं. त्या अर्धशतकात तिथून जाणारी प्रत्येक गाडी दगड खातच गेली.

लोकांनी काय काय केलं! कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या बारीक चौकोनी जाळीचा तुकडा लाकडी चौकटीत ठोकून रेडिएटरपुढे बांधला. हेडलाइटवर पारदर्शक प्लास्टिकच्या वाट्या बसवल्या. पेट्रोलच्या टाकीला खालून रबरी चटई बांधली, कारण टाकीला भोक पडलं तर पुढचा पंप फार लांब असे. काही जण पुढच्या काचेसमोरही जाळी उभारत आणि तिच्यातून पाहत गाडी हाकत. एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं की त्याच्या वडिलांनी मागच्या ट्रेलरच्या तोंडाला जुनी गादी बांधली होती. पोचेपर्यंत गादीतला कापूस संपला, ट्रेलर मात्र शाबूत राहिला.

दगड नेमका लागतो कसा, हे वडिलांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला दाखवलंही होतं. चाकाखालचा खडा मागे भिरकावला जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वर उडतो आणि क्षणभर जवळजवळ जागच्या जागी हवेत असतो. मागची गाडी ताशी नव्वदनं येऊन त्याच्यावर आदळते. म्हणून मागच्यानं अंतर ठेवलं तर खडा खाली पडायला वेळ मिळतो. मोटरहोमला दांडीनं जोडलेली गाडी अंतर ठेवू शकत नाही. ती जेमतेम पाच-सहा फुटांवर असते, आणि तिच्यापुढे मोटरहोमची जोडचाकं असतात. दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड कधी सुटेल याचा नेम नसतो.

अशी गाडी मागे ओढायची पद्धत रुळली ती मोटरहोमं वाढली तेव्हा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनच्या ब्राउन सिटीत रेमंड फ्रँक यांनी डॉजच्या सांगाड्यावर मोटरहोमं बांधायला घेतली. १९६३च्या जुलैत सूर्यग्रहण पाहायला मेन राज्यातल्या हिंकलीत अशा घरगाड्यांची २६ कुटुंबं जमली आणि तिथेच त्यांची संघटना उभी राहिली. १९६६पासून आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनीनं मोटरहोमं काढली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण घराएवढी गाडी घेऊन दूध आणायला जाता येत नाही. म्हणून मागे छोटी गाडी. इंग्रजीत ओढलेल्या गाडीसाठीचा शब्द आणि बेडकाचं नाव, दोन्हींचा उच्चार ‘टोड’. त्यामुळे हे लोक तिला बेडूकच म्हणतात. काहींच्या गाडीत पुढच्या काचेपाशी कापडी बेडूक बसलेला असतो.

चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची तर गिअरबॉक्स झिजता कामा नये. १९८५ साली सुझुकी सामुराई अमेरिकेत आली तेव्हा ती मोटरहोमवाल्यांना आवडली, कारण तिचा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येई आणि वजन जेमतेम एक टन. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडे तिची सख्खी बहीण आली, मारुती जिप्सी. आमच्या यांनी तरुणपणी कोयनेच्या कामावर जिप्सी चालवलेली. म्हणून आम्ही बेडूक शोधायला लागलो तेव्हा हे सुझुकीच्याच घराण्यातल्या ट्रॅकरपाशी जाऊन थांबले. तिथे माझा सल्ला कुणी विचारला नाही, पण निवड चुकली नाही.

चुकलं ते पुढे. सतरा टवक्यांनंतर आम्ही गाडीच्या नाकाला बसणारं व्हिनाइलचं आवरण विकत घेतलं. आत मऊ अस्तर, बाहेर काळं कातड्यासारखं. प्रवास संपल्यावर ते काढलं तेव्हा दगडाचा नवा टवका एकही नव्हता. पण अस्तर जिथे जिथे फडफडलं होतं तिथे रंग धुरकट झाला होता, जणू कुणी पॉलिश पेपर फिरवला असावा. बारीक धूळ अस्तरात शिरली आणि वाऱ्यानं दोन हजार मैल घासत राहिली. दुकानदारानं पैसे परत दिले नाहीत. तो म्हणाला, तुम्ही रोज काढून पुसायला हवं होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तरी ज्यानं रोज काढून पुसायचं सांगितलं नाही त्यानं ते विकायलाही नको होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. गाडीला टेकलेलं आणि हलणारं संरक्षण गाडीलाच खातं. जुन्या लोकांची जाळी चौकटीत असायची, रेडिएटरपासून चार बोटं पुढे, यात शहाणपण होतं.

मोटरहोमवाल्यांचा अनुभवही त्याच दिशेनं गेला. आधी चाकांमागे रबरी पट्टे, आपल्या ट्रकांना असतात तसेच. मग मोटरहोमच्या पूर्ण रुंदीचा एकच लांब पट्टा, किंवा झाडूच्या केसांसारखा दाट ब्रश. पण ज्या मोटरहोमचं डिझेल इंजिन मागे असतं तिथे हे नेहमी जमत नाही. तिचा पंखा मागून वारा सोडतो, आणि अनेक चालक सांगतात की रुंद पट्ट्यामागे धुळीचा भोवरा उलट वाढतो. त्या इंजिनाच्या श्वासनळीतून तेलाचा फवाराही येतो, तो बॉनेटवर बसला की त्यावर धूळ चिकटते. मग ओढायच्या दांडीवरच उभी करायची तिरकी प्लास्टिकची ढाल निघाली. तिच्यावर आपटलेला दगड खाली रस्त्याकडे वळावा म्हणून ती झुकवलेली असते. सरळ उभी केली तर दगड उलटून मोटरहोमच्याच पाठीवर जातो. आणि शेवटी जाळीचा पडदा, मोटरहोमच्या मागून गाडीच्या तोंडापर्यंत आडवा ताणलेला. वारा आरपार जातो, खडी अडते. दगड चुकवायचा तर गाडी झाकण्यापेक्षा मधली मोकळी जागा बंद करायची, हे त्या पडद्यात मला दिसलं.

एक अपवाद मान्य करते. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूनं झिजत, म्हणून थ्रीएम कंपनीनं पॉलियुरेथेनची मजबूत चिकट फिल्म दिली. तीच पुढे शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग घरगुती गाड्यांवर आली. ती रंगाला टेकत नाही, चिकटते. मध्ये धुळीला जागाच नाही. सुरुवातीच्या फिल्म उन्हानं पिवळ्या पडत, आताच्या बऱ्याच टिकतात.

२०१६ला आम्ही पुन्हा गेलो. बॉनेट नव्यानं रंगवलेलं, पुढच्या कडेवर फिल्म, मध्ये जाळीचा पडदा. डिस्ट्रक्शन बेच्या पुढे जमिनीखालचा बर्फ रस्ता उचलतो आणि खचवतो, तिथे दरवर्षी दुरुस्ती चालू असते. एका वळणावर नारिंगी जाकिटातली एक पोरगी पाटी घेऊन उभी होती. पुढे ताजी खडी. मी काच खाली केली. तिनं हात खाली-वर करत हळू जायची खूण केली, वडील करायचे तशीच. यांनी ताशी चाळीसवर आणलं. मागे ट्रकांची रांग लागली, दोघातिघांनी हॉर्न दिले, तरी यांनी वेग वाढवला नाही. बीव्हर क्रीकला उतरून मी आधी जाळी झटकली. तिच्यातून मूठभर खडी पडली. मग बॉनेटवरून ओला हात फिरवला, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, आणि बोटांना कुठेही काही लागलं नाही.