ताण आणि प्रत्यक्षदर्शीची स्मृती
भीतीच्या क्षणी पाहिलेले मनावर कायमचे कोरले जाते, हा समज अर्धाच खरा आहे. तीव्र ताणात घटनेचा गाभा टिकतो. चेहरे, कपडे, घटनाक्रम निसटतात. कोयत्यावर नजर खिळली की तो धरणाऱ्याचा चेहरा धूसर राहतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात कठोर चौकशी सोसलेल्यांनी चौकशी करणाऱ्याला ओळखण्यात जास्त चुका केल्या. उंब्रजसारख्या महामार्गावरील गावात अपघात पाहणारा गाडीचा रंग छातीठोकपणे सांगतो. तो प्रामाणिक असूनही चुकू शकतो. महाराष्ट्रात साक्षीदाराने संशयिताला ओळखण्यासाठीची ओळख परेड पोलीस नव्हे, कार्यकारी दंडाधिकारी घेतात. ती शक्य तितक्या लवकर व्हावी, अशी अपेक्षा असते. तिच्यातील ओळख हा स्वतंत्र पुरावा नव्हे. न्यायालयात साक्षीदाराने पटवलेल्या ओळखीला ती दुजोरा देते.