एचआयव्ही चाचणी आणि नोकरी : कायदा काय सांगतो?

नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत न विचारता एचआयव्ही चाचणी करायची आणि अहवाल पॉझिटिव्ह आला की ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगायचे, हे बेकायदेशीर आहे. आपल्या समाजातील मोठा वर्ग कंत्राटी कामावर जगतो. म्हणून हे हक्क आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यात एका हंगामी कामगाराला न्याय दिला. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कामगाराचे नावही गुप्त ठेवले गेले.

पुढे संसदेने एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक मालकाला तो बंधनकारक आहे.

चाचणी : नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. समुपदेशन आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही.

गोपनीयता : ठरावीक अपवाद वगळता, संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही.

कामावरून काढणे : संबंधित व्यक्तीपासून कामाच्या ठिकाणी संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा ती कामास अपात्र आहे, असा स्वतंत्र, पात्र डॉक्टरचा लेखी अहवाल मालकाने द्यावा लागतो. शिवाय, कामात आवश्यक सोय करून देण्यात कोणती अडचण आहे, हेही लेखी द्यावे लागते. एकत्र बसल्याने, जेवल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही.

दाद कोठे मागावी? शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असणे सक्तीचे आहे. आरोग्य आस्थापनेत ही मर्यादा वीस आहे. तेथे दाद न मिळाल्यास राज्य शासनाने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालाकडे जाता येते. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आमची एकच विनंती : दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. कारण लेखी मागा, नेमणूकपत्र, पगारपावत्या आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवा. विटाळाच्या नावाखाली माणसाला दूर बसवणे काय असते, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. आपल्या वस्तीत आणि विहारात तरी कोणावर तशी वेळ येऊ देऊ नका.