साकोलीची पुतळी : सोने खरे, नाणे कोणाचे?

साकोलीच्या आमच्या घरात आजीकडून आलेली एक पुतळी आहे. वाटणीत ती मोडायची ठरली, तेव्हा ती अस्सल आहे का, हे मी तपासले.

पुतळी हे मुळात व्हेनिसचे ‘डुकाट’ : १२८४ पासून पाडलेले, सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळपास शुद्ध सोन्याचे नाणे. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख ‘डोज’, दुसरीकडे ताऱ्यांच्या वलयात येशू. व्यापारातून ती हिंदुस्थानात आली, दागिन्यांत ओवली गेली. मग इथेही तिच्या नकला घडू लागल्या.

सराफाच्या कसोटीवर आमच्या पुतळीचा कस उत्तम उतरला. पण कसोटी धातूचे सांगते, टाकसाळीचे नाही. त्यासाठी अक्षरे पाहावी लागतात. अस्सल नाण्यावर डोजचे नाव लॅटिन लिपीत असते. आमच्या पुतळीवर त्या जागी नुसत्या उभ्या रेघा आहेत. म्हणजे ती व्हेनिसची नव्हे, नक्कल आहे.

मोडीत तिला सोन्याचा भाव मिळाला असता. पण लॅटिन न येणाऱ्या कारागिराने व्हेनिसची पत कशी उतरवून घेतली, याचा पुरावा मुशीत वितळला असता. भावंडांना त्यांच्या वाट्याचे पैसे देऊन मी ती ठेवून घेतली.